आत्या, तुमच्या गाडीतलं अजून काय काय चालतं

आत्या,

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आत घ्यायचा होता. संदीप म्हणाला, आईची गाडी जरा बाजूला घे. माझ्याकडची किल्ली सापडेना, म्हणून मी खुंटीवरची तुमची किल्ली घेतली. बसले, बटन दाबलं आणि सीट घूं करत निघाली. पुढे आणि वर. किल्लीवरून गाडीला वाटलं तुम्हीच आलात. तुमची उंची माझ्या खांद्यापर्यंत. माझे गुडघे स्टिअरिंगखाली दाबले गेले, डोकं छताला टेकलं, आणि ती सीट थांबवायचं बटन कुठे असतं हे मला, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये एवढी वर्षं घालवलेल्या बाईला, काही केल्या आठवेना. मी ओरडले. संदीप धावत आला, ओवी आली, टँकरवालाही उतरून बघायला लागला. मला दारातून ओढून काढताना संदीपला हसू फुटलं. मग मला. मग ओवीला. तुम्ही गेल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं. टँकरवाला मनात म्हणाला असेल, काय माणसं आहेत, काल तेरावा झाला आणि आज हे.

नऊ वर्षांत तुमच्या गाडीतली ती सीट एकदाही बिघडली नाही. बाकीच्या वस्तूंबद्दल असं म्हणता यायचं नाही. म्हणजे मी म्हणायचे की बिघडल्या. तुम्ही म्हणायचात, "चालतंय की. तुला चालवून घेता येत न्हाई." हा वाद आपला अर्धा राहिला. आता मी एकटीच बोलणार आहे, तेव्हा जिंकायला हरकत नाही. पण समोरून उत्तर येत नसलं की जिंकण्यात काही मजा नाही, हे मला या दोन आठवड्यांत कळलंय.

वाद सुरू कुठे झाला ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही माझ्या सासूबाई. चऱ्होलीच्या रीतीप्रमाणे मी तुम्हाला आत्या म्हणायचे, पण तेव्हा ते फक्त संदीपशी बोलताना. "आत्यांना विचार", "आत्यांना सांग". ओवी झाली आणि आम्ही थेरगावची भाड्याची जागा सोडून तुमच्याकडे राहायला आलो, त्याला काही महिने झाले होते. तुम्ही ओवीला न्हाऊ घालायचात, मला डिंकाचे लाडू करून ओट्यावर ठेवायचात, पण माझ्याकडे बघून पूर्ण वाक्य कधी बोलला नव्हतात. वाक्य भिंतीकडे जायचं. "दूध तापलंय." "पोरगी उठली." भिंतीने ऐकायचं आणि मी कामाला लागायचं.

याचं कारण आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. मी थेरगावची, बौद्ध घरातली, पिंपरीच्या कारखान्यात जन्म काढलेल्या कामगाराची मुलगी. तुम्ही चऱ्होलीच्या जुन्या घरातल्या. संदीप आणि मी लग्न करणार म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही लग्नाला आला नाहीत, एवढंच. सकाळी बीपी वाढलं, असा निरोप आला होता. संदीपचे धाकटे चुलते तेवढे आले, जेवले आणि गेले.

मग मामा, माझे सासरे, गेले. त्यानंतर वर्षभरात घरामागच्या रानात इमारतीचे खांब उभे राहिले, आणि एक दिवस तुम्ही भिंतीला सांगितलंत, "चालायला रानच उरलं न्हाई. आता चाकावं जाते." वय सत्तावन्न. मोशीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी तुम्हाला शिकवलं की तुम्ही त्यांना, यावर मतभेद आहेत. ते म्हणायचे, "मावशी, ब्रेक." तुम्ही म्हणायचात, "म्होरचा थांबंल की, त्याला डोळे हायती."

तर शोरूम. सेल्समन तुम्हाला सगळ्यात वरचं मॉडेल दाखवत होता. छताची सरकती काच, पाऊस ओळखून आपोआप फिरणारे वायपर, मागचं दाखवणारा कॅमेरा, हात न लावता उघडणारं मागचं दार, बोललेलं ऐकणारी यंत्रणा. तुमचे डोळे मोठे होत चालले होते, आणि मी मनात एकेक वस्तू मोजत होते. माझी नोकरी निघोज्याच्या कंपनीत. तिथे गाडीची बटनं, सेन्सर, छोटे इलेक्ट्रॉनिक डबे बनतात आणि ते किती टिकतील हे बघायचं काम माझ्या खात्याचं. आम्ही त्यांना भट्टीत तापवतो, मग गारठवतो, वाफेत ठेवतो, हादरवतो, परत तापवतो. कशाचा जीव किती हे मला रोज दिसतं.

मी संदीपला म्हटलं, "आत्यांना सांग, साधं मॉडेल घ्या. जितक्या वस्तू जास्त तितके वायरींचे जोड जास्त. आणि वस्तूच्या आधी जोड जातो."

तुम्ही हात वर करून सेल्समनला थांबवलंत आणि माझ्याकडे वळलात.

"तू त्याच कामाला हाईस ना?"

"हो."

"मग तुमीच बनवताय आन तुमीच घेऊ नका म्हनताय?"

संदीपने माझ्याकडे बघितलं, मी संदीपकडे. वाक्य पूर्ण होतं. आणि आसपास भिंत नव्हती, शोरूमला सगळीकडून काचाच होत्या.

मी उत्तर दिलं. तुम्ही उलट उत्तर दिलंत. मी पाणी जोडात कसं शिरतं ते सांगितलं, तुम्ही म्हणालात मग शिरू देऊ नका, पगार कशाचा घेता. सेल्समनने आपल्याला दोनदा चहा पाजला. शेवटी तुम्ही वरचंच मॉडेल घेतलंत, तेही चॉकलेटी रंगात, जो रंग तुमच्याखेरीज कोणालाच आवडला नाही. मी हरले होते आणि घरी येताना गाणं गुणगुणत होते. संदीपने विचारलंसुद्धा, तू एवढी खूश का आहेस?

पहिली दोन वर्षं तुमचीच होती. सगळं चालत होतं आणि तुम्ही मला ते रोज ऐकवत होतात. फक्त त्या बोलण्याच्या यंत्रणेला मराठी येत नव्हतं. तुम्ही स्टिअरिंगवरचं बटन दाबून, मान ताठ करून म्हणायचात, "कॉल संदीप." आणि गाडी शिंदे वायरमनला फोन लावायची. का, ते मला अजून सांगता आलेलं नाही. दर वेळी शिंदे. तुम्हाला फोन कापायची लाज वाटायची, म्हणून तुम्ही बोलत बसायचात. "काय शिंदे, बरं हाय का? न्हाई, लाईट हाय. सहज केलाता."

शिंदे दहाव्याला आले होते. एका बाजूला उभे होते. मला म्हणाले, "वहिनी, ताईंचा फोन यायचा दर आठवड्याला. काम काही नसायचं. पोराच्या परीक्षेपासून म्हातारीच्या डोळ्यांपर्यंत सगळं विचारायच्या. अशी चौकशी माझी कोणी करत नाही." मी त्यांना गाडीच्या चुकीचं सांगणार होते. तोंड उघडलं आणि आठवलं की स्टिअरिंगवरचं ते बटन चार वर्षांपूर्वीच मेलं होतं. मीच तपासलं होतं. म्हणजे चार वर्षं तुम्ही फोन हातात घेऊन, शिंद्यांचं नाव शोधून, स्वतः लावत होतात. मला हे कधी सांगितलं नाहीत, आत्या. का, त्यात मी जिंकले असते म्हणून?

मग हळूहळू बिघडायला लागलं. मी म्हटलं होतं तसं नाही, वेगळंच. जोडांत पाणी शिरेल असं मी म्हटलं होतं, आपल्याकडे आधी धूळ शिरली. चऱ्होलीत तेव्हा जिकडे तिकडे इमारती चढत होत्या, सिमेंटचे ट्रक दारावरून जात होते. छताची काच एका दुपारी बोटभर उघडून तशीच थांबली. तुम्ही तिच्यावर रेक्झिन चिकटवलंत आणि म्हणालात, "वारं लागतंय ते बरंच हाय." पाऊस ओळखणारे वायपर मे महिन्याच्या रखरखीत उन्हात फटाफटा फिरायला लागले. मागे कोणी नसताना गाडी टीं टीं वाजायची. मी म्हणायचे सेन्सरवर माती बसलीय. तुम्ही म्हणायचात, "तिला दिसतंय ते आपल्याला दिसत न्हाई," आणि तरी उतरून मागे बघून यायचात. आणि ते मागचं दार! आळंदीच्या बाजारात सिग्नलला उभे असताना ते आपोआप वर गेलं आणि तुमचे दोन किलो कांदे रस्त्यावर घरंगळले. रिक्षावाल्यांनी वेचून दिले. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "लई चांगली मानसं हायती." दाराबद्दल एक अक्षर नाही.

सर्व्हिस सेंटरला आपण दोघीच जायचो, कारण संदीप आला तर त्याला दोन्ही बाजूंचं ऐकायला लागायचं. एकदा काचेचं बटन चालेना. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. "मॅडम, दाराचं पूर्ण युनिट बदलावं लागेल. चारही बटनं एकत्र येतात."

तुम्ही विचारलंत, "बिघडलं किती?"

"एक."

"मग एक बदल."

"एकटं मिळत नाही, आजी."

"माजा दात दुखला तर डॉक्टरनं जबडा बदलायचा का?"

तो माझ्याकडे बघायला लागला, सुटकेसाठी. आणि मी, आत्या, तुमच्याविरुद्ध बोलले. सांगितलं की युनिट पूर्ण बंद असलं तर धूळ-पाणी कमी शिरतं, उघडं करून दुरुस्त केलं की ते फार टिकत नाही. सगळं खरं होतं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि गाडीत बसल्यावर म्हणालात, "तू तुज्या कंपनीची बाजू घेतलीस. घेतलीच पायजे, मीठ खातीस त्यांचं. पन त्या पोराला वाटलं ना, सासू-सुनंचं पटत न्हाई." मी म्हटलं, "आपलं पटतं का?" तुम्ही म्हणालात, "त्याला कशाला कळाया पायजे?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या कंपनीत घरच्या माणसांना बोलावण्याचा दिवस होता. तुम्ही नऊवारी नेसून आलात. मी तुम्हाला माझी प्रयोगशाळा दाखवली. एका काचेमागे लोखंडी बोट काचेचं बटन दाबत होतं. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात.

"ह्याला सुट्टी कवा?"

"बटन मोडेपर्यंत नाही."

"आन मोडलं की?"

"मग बघायचं, का मोडलं."

तुम्ही मान हलवलीत. "पन हे शहान्यावानी दाबतंय. मानूस रागानं दाबतं, पीठ लागल्या हातानं दाबतं."

मी तुम्हाला हाताला धरून पलीकडच्या यंत्राशी नेलं. तिथे तेच बटन जोरात, वेडंवाकडं दाबलं जात होतं, आणि वर साखरेचं पाणी ओतलेलं होतं. "हे रागाचं," मी म्हटलं. तुम्ही खो खो हसलात. माझे साहेब वळून बघायला लागले. मग तुम्ही त्यांना म्हणालात, "सून हुशार हाय आमची. कटकट लई करती, पन हुशार हाय." ते वाक्य त्यांनी मला पुढच्या पगारवाढीच्या बैठकीत जसंच्या तसं ऐकवलं.

थेरगावचं मात्र मला नीट सांगायचंय. ते मी तुमच्यासमोर कधीच बोलले नाही.

माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी तिच्याकडे राहायला गेले होते, ओवी तुमच्याजवळ होती. आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं उलटली होती आणि त्यात तुम्ही एकदाही थेरगावला आला नव्हतात. आई चऱ्होलीला यायची, दारातूनच ओवीला खाऊ देऊन निघायची. कोणी काही बोलायचं नाही. बोलण्यासारखं भांडण नव्हतंच, फक्त पाऊल पडत नव्हतं.

दुपारी तुमचा फोन आला. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"अगं, तुजी टीव्ही मेली."

गाडीच्या रस्ता दाखवणाऱ्या स्क्रीनला तुम्ही टीव्ही म्हणायचात. "तुम्ही कुठे आहात?"

"डांगे चौकात. तिनंच आनलं हितवर, आन हितं आल्यावं काळी झाली. आता कुठं वळू?"

माझ्या हातातली औषधाची पट्टी खाली पडली. तुम्ही, एकट्या, ओवीला मागे बसवून, चऱ्होलीहून थेरगावला निघाला होतात आणि मला सांगितलंही नव्हतंत. मी म्हटलं, तिथेच थांबा, मी येते. "तू आईला सोडू नगं," तुम्ही म्हणालात. "इचारत इचारत येते."

थोड्या वेळाने खाली गलका झाला. मी गॅलरीतून बघितलं. चॉकलेटी गाडी गल्लीत शिरत होती, आणि तिच्या पुढे एक केळीवाला, एक हारवाली आणि शाळेतून घरी निघालेल्या दोन मुली, अशी वरात. केळीवाला हाताने लोकांना बाजूला करत होता. "सरका, सरका. मावशींना विहिणीकडं जायचंय." हारवाली वर बघून मला म्हणाली, "तुमच्याकडंच ना? सगळा चौक विचारत आल्यात, माझ्या विहिणीचं घर कुठंय, माझ्या विहिणीचं घर कुठंय." ओवी मागच्या खिडकीतून तेच ओरडत होती, तिला तो खेळ वाटला होता.

भर बाजारात. अनोळखी माणसांना. एकदा नाही, कोपऱ्या-कोपऱ्यावर.

तुम्ही जिना चढून वर आलात, हातात लाडवांचा डबा. आईच्या कॉटवर, तिच्या पायाशी बसलात. "गुडघं कसं हायती?" आई उठायला बघत होती, तुम्ही तिला दाबून बसवलंत. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायला गेले, कारण मला तिथे उभं राहवत नव्हतं. तुम्ही आईच्या ताटाशेजारी ताट घेतलंत. दुसरी भाकरी मागून घेतलीत आणि म्हणालात, "कालवनात मीठ कमी हाय, पन चव हाय." आईला एवढा आनंद झाला की तिने मला मिठाचा डबा आणायलाही सांगितलं नाही.

मी संध्याकाळी खाली जाऊन स्क्रीनची वायर काढून परत बसवली. ती लागली. जोड सैल झाला होता. तुम्ही म्हणालात, "बगितलंस? मेली न्हवती." मला तुम्हाला सांगायचं होतं की ती बिघडली हे किती बरं झालं. जिभेवर होतं. पण शोरूमपासून मी टिकण्याच्या बाजूने भांडत आलेली बाई. हे कबूल केलं असतं तर तुम्ही मला आयुष्यभर सोडलं नसतंत. आता म्हणते. बरं झालं, आत्या. त्या दिवशी ती काळी पडली ते फार बरं झालं.

पुढे आपण बाजू कशा बदलल्या ते आपल्यालाच कळलं नाही. दोनेक वर्षांपूर्वी मीच म्हणायला लागले, आता नवी गाडी घेऊ. आता पुष्कळ सुधारलंय, धूळ-पाणी शिरत नाही, आम्ही स्वतः तपासतो. आणि तुम्ही, ज्यांना शोरूममध्ये सगळंच हवं होतं, तुम्ही पदर खोचून बसलात. "न्हाई. हिचं काय बिघडतंय ते मला पाठ हाय. नवीचं कुठं पाठ करत बसू?" मी म्हटलं, नवीचं बिघडणारच नाही. तुम्ही हसलात. "व्हय, व्हय. लिहून देतीस?" मी लिहून दिलं नाही. माझ्या धंद्यात कोणी देत नाही.

आणि मग तुमचं दुखणं. ते मी इथे घेत नाही. ते सगळं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला त्याचा कंटाळा होता. एकच दिवस घेते.

भोसरीच्या दवाखान्यातून आपण दोघी परत येत होतो. डॉक्टर जे बोलले ते तुम्ही माझ्याइतकंच ऐकलं होतं. मी चालवत होते, तुम्ही शेजारी, खिडकीची काच खाली, कारण तुमच्या बाजूचं बटन परत गेलं होतं. दिघीच्या पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, मग दुसरा, मग एक इंग्रजी ओळ. गाडीने एक उसासा टाकला आणि तिचा वेग गेला. मी ॲक्सिलरेटर दाबत होते, ती ऐकत नव्हती.

"काय म्हनतीया?" तुम्ही विचारलंत.

"कुठला तरी सेन्सर गेलाय. काय चुकलंय ते तिला कळत नाहीये. अशा वेळी ती स्वतःच इंजिन सांभाळते, जोरात पळू देत नाही. हळूहळू घरी पोहोचवते."

"मग शहानी हाय."

"शहाणी आहे," मी म्हटलं. "हे चांगलं काम केलंय ज्याने केलंय त्याने."

आपण डाव्या कडेने निघालो. सायकलवाले पुढे जायला लागले. मागून ट्रक हॉर्न देत होते, एका टेम्पोवाल्याने वाकून बघितलं आणि ओरडला, "ओ ताई, ढकलू का?" तुम्ही त्याला हात हलवून जा म्हणालात. एरवी मी रडकुंडीला आले असते. त्या दिवशी मला घाई नव्हती. तुम्हालाही नव्हती.

वडमुखवाडीच्या अलीकडे तुम्ही समोर बघत विचारलंत, "लग्नात साडी कुठली हुती तुजी?"

मला आधी कळलंच नाही कोणाच्या लग्नात.

"पांढरी," मी म्हटलं.

"पांढरी? लग्नात?"

"आमच्यात पांढरी नेसतात. सोनेरी काठ होता. आईने आणली होती."

"हां. खुलली आसंल तुला. तू उंच हाईस." मग, "मंगलाष्टका?"

"नाहीत. आधी वंदना, त्रिशरण, पंचशील. मग आम्ही दोघांनी शपथ घेतली. संदीप मध्येच अडखळला."

"तो अडखळनारच. शाळेत बी अडखळायचा." तुम्ही हसलात, आणि खोकला आला. मी पाण्याची बाटली दिली. "सांग की. पयल्यापासनं सांग. सकाळी उठल्यापासनं."

मी सांगायला लागले. सकाळी थेरगावच्या कार्यालयात पाणी आलं नव्हतं, तिथपासून. बाबांनी नवा शर्ट घातला आणि किमतीचं लेबल काढायला विसरले. हारांमधला एक हार छोटा निघाला, तो संदीपच्या डोक्यातून जाईना. माझ्या मैत्रिणी इतक्या रडल्या की मलाच त्यांना समजवावं लागलं. तुम्ही मध्ये मध्ये विचारत होतात. धाकटं भावजी कुठं बसलं? त्यांना कुनी मान दिला का? बँड हुता का? नवऱ्याकडच्या बाजूला कोन हुतं? "कोणी नव्हतं फारसं," मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. मागे एक ट्रक केव्हाचा हॉर्न देत होता. "दमानं घे," तुम्ही म्हणालात. कोणाला, मला की ट्रकला, कळलं नाही. "मग? म्होरं?"

चऱ्होली फाट्याला वळलो तेव्हा मी जेवणापर्यंत आले होते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा. वाढपी कमी पडले म्हणून बाबांच्या कारखान्यातल्या मित्रांनी कंबर कसली होती. तुम्हाला प्रत्येक पदार्थ कसा झाला होता ते हवं होतं. भात मोकळा हुता का. मठ्ठ्यात आलं हुतं का. मी आठवून आठवून सांगत होते, जे आठवत नव्हतं तेही सांगत होते.

इतक्यात आपलं घर आलं. गाडीची घरघर ओळखून संदीपने फाटक आधीच उघडलं होतं, तो ते धरून उभा होता, चेहऱ्यावर दवाखान्याचा प्रश्न. मी वळायला चाक फिरवलं. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात.

"आत नगं घेऊ," तुम्ही म्हणालात. "जिलबी वाढायची राह्यलीय अजून. एक चक्कर मार."

संदीप फाटक धरून बघत राहिला. आपण त्याच्या समोरून, सायकलच्या वेगाने, पुढे निघून गेलो.